काळ्या आईचं माहेर उकरू नका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, रस्त्याच्या भरावासाठी मुरमाची खाण पडली. मृग निघायच्या आत दीड पुरुष खोल खड्डा झाला होता. एका संध्याकाळी पोकलेन थांबल्यावर मी आत उतरलो आणि कापलेल्या भिंतीसमोर उभा राहिलो. सगळ्यात वर वीतभर तांबूस-करडी माती, तिच्यात गवताच्या मुळ्यांचं दाट जाळं. तिच्याखाली हातानं चुरडावा असा भुसभुशीत मुरूम. त्याखाली गोल गोटे, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले. आणि तळाशी काळा फत्तर, ज्याच्यापुढे विहीर खणणारे सुरुंगाशिवाय हात टेकतात.

दगडाची माती कशी होते, हे त्या एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत लिहिलेलं होतं. आणि ती भिंत रोज हायवात भरून चालली होती.

आपल्या पायाखालचा हा फत्तर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचून दख्खन उभं राहिलं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो खडक पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग त्याच्यावरच वसला आहे. या खडकात लोह, चुना, मॅग्नेशियम भरपूर. पाणी आणि हवा लागली की तो कडांपासून कुजायला लागतो, म्हणून चौकोनी चिरेसुद्धा हळूहळू गोल होतात. पापुद्रे गळतात, त्यांचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. ज्या पोकळ्यांमध्ये कधीकाळी वायूचे बुडबुडे अडकले होते, त्यांतल्या गारगोट्या मात्र कुजत नाहीत. त्या सुट्या होऊन माळावर पडून राहतात. लहानपणी दोन गारगोट्या घासून ठिणगी पाडली नाही असं आमच्याकडे पोर नसेल.

माळावर माती जाड का होत नाही, याचं उत्तर उतारात आहे. खडक कुजून जी बारीक, चिकट चिकणमाती तयार होते, ती पाऊस खाली घेऊन जातो आणि ओढ्याकाठी, नदीखोऱ्यात नेऊन ठेवतो. वर राहते ती भरड, खडेवाली, बरड जमीन. खाली साचते ती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. म्हणजे ज्या काळ्या आईला आपण पेरणीआधी नारळ फोडतो, ती बऱ्याच अंशी या माळावरूनच खाली नांदायला आलेली आहे. माळ हे तिचं माहेर. लेकीची पूजा करायची आणि माहेराला पडीक म्हणायचं, हा कुठला न्याय?

सातबाऱ्यावर या जमिनीला शब्द आहे ‘पोटखराबा’. लागवडीला निरुपयोगी, एवढाच त्याचा अर्थ. पण कागदावरचा शब्द माणसाच्या मनात उतरतो. खाणीवरच्या पोरगेल्या ड्रायव्हरला मी विचारलं, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, “काका, माळच तर हाय. हितं काय पिकतंय?” त्याचा दोष नाही. आपण सगळ्यांनीच त्याला हे शिकवलं आहे.

काय पिकतं ते सांगतो. हुलगा, मटकी, कारळं आणि बाजरी याच हलक्या रानात येतात, तेही कमी पावसात. पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ, सोलापूरकडचं डाळिंब या झाडांना पाण्याचा निचरा हवा, मुळाशी पाणी तुंबलेलं त्यांना सोसत नाही. मुरमाड जमीन त्यांना मानवते ती म्हणूनच. पण सगळा माळ फळबागेखाली आणा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. माळाचं खरं पीक गवत आहे.

कुसळी गवत घ्या. त्याच्या बियांना लांब शेपूट असतं, कोरडं असताना पिळलेलं. दमट हवा लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्यानं टोकदार बी खड्यांच्या फटीत स्वतःला स्क्रूसारखं फिरवत आत नेतं. वीतभर मातीत, दगडगोट्यांत रुजायचं तर एवढी युक्ती हवीच. आपल्या पायजम्यात घुसणारं कुसळ हेच काम करत असतं, फक्त जागा चुकलेली असते. कुसळी, पवन्या, मारवेल यांच्या मुळ्यांनी ही पातळ माती उतारावर धरून ठेवली आहे. त्याच गवतावर धनगरांच्या मेंढ्या चरतात, आणि मग त्या खालच्या काळीत बसवल्या की लेंडीखताच्या रूपानं माळ पुन्हा शेतात उतरतो.

धाविक पक्षी या उघड्या खड्यांवरच अंडी घालतो. अंड्यांचा रंग इतका मुरमासारखा असतो, की पाय पडेपर्यंत दिसू नये. खोकड इथंच बीळ करतं, लांडगा इथंच पिल्लं वाढवतो. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. आज तिथं माळढोकाचं दर्शन जवळजवळ संपलं आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तरी चिंकाऱ्यांनी ते सोडलेलं नाही. पण चिंकारा अभयारण्याच्या हद्दीत थांबत नाही. त्याला शेजारच्या गावांचे माळही लागतात, तुमचे आणि माझे.

आता पाण्याचं बोलू, कारण गावात शेवटी पाण्याचंच ऐकलं जातं. काळ्या फत्तरात पाणी मुरत नाही, ते राहतं फटींमध्ये आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात. एक एकर माळावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते सुमारे एक लाख लिटर पाणी होतं. गवत असेल तर ते थबकतं, मुरमात शिरतं आणि सावकाश पाझरत खालच्या विहिरींना जाऊन मिळतं. मुरूम काढून फत्तर उघडा पाडला की तेच पाणी तासाभरात ओढ्यातून निघून जातं, जाताना खालच्या शेताची माती घेऊन. आमच्या खाणीखालच्या दोन विहिरींनी यंदा संक्रांतीलाच तळ दाखवला. पाऊसही कमी होता, हे मी लपवणार नाही. पण त्याच पावसात माळ शाबूत असलेल्या पलीकडच्या अंगाच्या विहिरी होळीपर्यंत टिकल्या.

हिशोब मांडून बघा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एका एकरावरून फक्त एक फूट खोल मुरूम काढला तर सुमारे 435 ब्रास निघतो, म्हणजे चार ब्रासच्या हायवाच्या शंभरावर खेपा. यंत्रांना हे काही दिवसांचं काम. तो फूटभर थर पुन्हा तयार व्हायला किती पिढ्या लागतील, हे मोजायला आपल्याकडे पंचांग नाही.

रस्ते लागतात, घरं लागतात, मला मान्य आहे. मीही मुरमाच्याच रस्त्यानं शाळेत गेलो. पण दर वर्षी गावोगाव विहिरी, शेततळी आणि इमारतींचे पाये खोदले जातात. त्यातून निघणारा मुरूम आधी वापरा. आधीच उकरलेल्या खाणी आहेत, नवा माळ फोडू नका. आणि जे मित्र पावसाळ्यात रोपं घेऊन उत्साहानं माळावर येतात, त्यांना हात जोडून विनंती आहे, की जेसीबीनं चर मारून गिरिपुष्प आणि सुबाभूळ इथं लावू नका. तुमची तळमळ खरी आहे. पण गवताळ माळाला जंगल करायला जाल, तर गवतही जाईल आणि गवतावर जगणारेही. हिवर, बोर, तरवड इथं आपले आपण येतात. त्यांना येऊ द्या.

सार्वजनिक गायरानं आणि माळ लोकांच्या सामायिक उपयोगाचे आहेत, ते वाचवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात बजावून सांगितलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. तुमच्या गावच्या नोंदवहीत माळाचं पान आहे का? जाऊन मागा. नसेल तर गुराख्याला, मेंढपाळाला आणि विहीर खणणाऱ्याला शेजारी बसवून ते लिहून घ्या. कोणतं गवत कुठं येतं, धाविक कुठं बसतो, कोणत्या अंगाचा मुरूम पाझरतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

आणि ग्रामसभेला जा. खाणीसाठी ठराव येतो तेव्हा सभेत वीस माणसं असतात आणि त्यातली पंधरा सही करून चहाला गेलेली असतात. येत्या 2 ऑक्टोबरला आमच्या गावात आम्ही चाळीस जण येणार आहोत. मागणी एकच, माळाच्या गटांवर नवीन मुरूम उत्खननाला ग्रामपंचायतीनं ना हरकत देऊ नये. सोबत त्या खड्ड्याच्या भिंतीतून काढलेली चार बरण्या माती आणतो आहे, वरची, मधली, खालची आणि फत्तराचा तुकडा. सरपंचांच्या टेबलावर ओळीनं मांडणार आहोत.

तुमच्या तालुक्यातल्या माळावरून अशाच चार बरण्या भरून तुमच्या सभेत ठेवा. आणायला कुणी नसेल तर निरोप द्या, मी एसटीनं येतो.