भेग उन्हाची नव्हे, पायाची



नव्या घराच्या भिंतीला भेग दिसली की बिल्डरचे उत्तर ठरलेले: ‘यवतमाळचं ऊन आहे, भेगा पडायच्याच.’ घर घेणाराही मान डोलावतो. त्याने ती डोलावू नये.

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही दिला तर नुकसानभरपाई. करारनाम्यात मात्र पुष्कळदा एक कलम असते, की तापमानातल्या फरकाने भिंतीला पडणाऱ्या केसासारख्या भेगा दोष धरल्या जाणार नाहीत. गिलाव्यापुरते ते मान्य. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी उतरणारी, नाणे आत जाईल एवढी भेग केसासारखी कशी? लोखंडी चौकटीचे दारही पावसाळ्यात अडकते आणि मे महिन्यात तीच भेग रुंदावते, तेव्हा पायाखालची माती हलते आहे. आपली काळी जमीन पाण्याने फुगते, वाळली की आकसते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदायचा, हे इथल्या गवंड्याला कुणी शिकवावे लागत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खास पाइल पाया विकसित केला, त्यालाही कित्येक दशके उलटली. एवढे ठाऊक असून पाया उथळ ठेवला, तर तो कामातलाच दोष.

तक्रार फोनवर करू नये. फोटो जोडून लेखी द्यावी, पोच घ्यावी. पाच वर्षांच्या आत कळवल्याचा पुरावा तोच.

खरी मेख पुढे आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरे आठपर्यंत असली, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत सहा-आठ घरांच्या इमारतीच जास्त उभ्या राहतात. तिथल्या माणसाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, कारण घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा आहे. पण आयोगाचे दार नुकसान झाल्यावर ठोठावायचे. नोंदणीने बिल्डरची माहिती आणि मंजूर नकाशे पैसे देण्याआधीच पाहायला मिळतात. नोंदणीची ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार रेरा कायद्याच्या कलम ३ नेच राज्य सरकारला दिला आहे. तो वापरावा आणि चार घरांची इमारतही नोंदणीत आणावी, अशी मागणी जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात लावून धरावी.

– एक सदनिकाधारक, यवतमाळ