नाव लिहायचे राहिले!

परवा आमचे चिरंजीव मोठ्या ऐटीत म्हणाले, "बाबा, आता तिकीट काढायलासुद्धा आपण बोलायला नको. आपला प्रोग्रॅम त्यांच्या प्रोग्रॅमशी बोलून सगळे ठरवील."

"अरे, पण समोरचा तो तोच, हे आपल्या प्रोग्रॅमला कळायचे कसे?"

"त्याचे नियम ठरलेले असतात!"

या नियमांचीच एक हकीकत सांगतो. दोन संगणकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी, याचे नियम रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर या शास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केले. गाभा तीन लखोट्यांचा. आणि लखोटा असा, की ज्याच्या नावाचा त्यालाच उघडावा. रामभाऊंनी गोविंदरावांना आपले नाव व एक गुप्त आकडा पाठवावा. गोविंदरावांनी तो आकडा आणि स्वतःचा एक गुप्त आकडा उलट धाडावा. रामभाऊंनी हा दुसरा आकडा परत करावा. झाली ओळख!

पुढे १९९५ साली गॅव्हिन लो यांनी यातली खोट दाखविली. समजा, रामभाऊंनी ठकसेन नावाच्या तिसऱ्याच गृहस्थाशी बोलणे सुरू केले. ठकसेन त्यांचा लखोटा उघडतो, तोच मजकूर नव्या लखोट्यात घालून गोविंदरावांना रामभाऊंच्या नावाने पाठवितो. गोविंदरावांचे उत्तर त्याला उघडत नाही. म्हणून ते तसेच रामभाऊंकडे सरकवितो. रामभाऊ बिचारे ते ठकसेनाचेच समजतात आणि आतला आकडा त्याला कळवितात. आता ठकसेन गोविंदरावांपुढे रामभाऊ म्हणून मिरवायला मोकळा! लखोटा एकही फोडला नाही. दोघे सज्जन अगदी नियमाने वागले.

यावर उपाय एवढाच, की दुसऱ्या लखोट्यात गोविंदरावांनी आपले नावही लिहावे. म्हणजे रामभाऊ विचारतील, "मी बोलतोय ठकसेनाशी, हे गोविंदराव मध्येच कुठून आले?"

सतरा वर्षे जाणत्यांच्या नजरेतून ही फट निसटली. १९९६ साली लो यांनी नियमांची एक लहानशी मांडणी संगणकाला दिली आणि तीत संभवणारे सारे डाव तपासायला लावले. जुन्या नियमांत त्याला फट सापडली, दुरुस्त नियमांत नाही. मोठ्या मांडणीतही ती नाही, हे लो यांनी स्वतः सिद्ध केले.

मी चिरंजीवांना म्हटले, "तुमच्या प्रोग्रॅमचे नियम असे कोणी तपासलेत का, तेवढे विचारून ये. तोवर तिकीट मी रांगेत उभा राहून काढतो."