पेंग्विन आला धामापूरला

मुलांनो, तुमच्या घरी जुना लॅपटॉप आहे का? कपाटावर, कापडात गुंडाळून ठेवलेला? असेल तर आजचा लेख आईबाबांना शेजारी बसवून वाचा. कारण थोडं काम त्यांचंही आहे.

आमच्या शाळेतला लॅपटॉप तसा मूळचा कुठल्या तरी कचेरीतला. कचेरीने तो विकला, कुणीतरी झाडूनपुसून दुरुस्त केला, आणि गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्याने तो विकत घेऊन आमच्या वर्गाला दिला. अशा यंत्राला दुकानात रिफर्बिश्ड म्हणतात. त्यात चार जीबी रॅम आणि विंडोज दहा. पहिली तीन वर्षं बरी गेली. पुढे पुढे मात्र बटण दाबून मी हजेरी घ्यायची, फळ्यावर तारीख लिहायची, एक कविता म्हणून घ्यायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच! एकदा चौथीतल्या एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलंन, "बाई, ह्यो मेलो की काय?"

मेला नव्हता, पण म्हातारा ठरवला गेला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज दहाला नेहमीची मदत देणं थांबवलं. म्हणजे काय? लॅपटॉप त्या दिवशी बंद पडत नाही. पण प्रोग्रॅममध्ये नवीन भोक सापडलं की ते बुजवणारी फुकट डागडुजी येईनाशी होते. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत थोडी वाढीव मुदत मिळते, तेवढीच. मग विंडोज अकरा घालावी? तर तिला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चीप लागते. आमचा प्रोसेसर पाचव्या पिढीचा! परीक्षेला बसायच्या आधीच नापास.

यंत्र धडधाकट आणि तरी टाकून द्यायचं, हे मला पटेना. आमच्याकडे होडीची फळी कुजली तर फळी बदलतात, होडी जाळत नाहीत. म्हणून मी लिनक्सकडे वळले.

आता लिनक्स म्हणजे काय ते सांगते. संगणकाचा पडदा, कळफलक, मेमरी, डिस्क या सगळ्यांकडून काम करून घेणारा एक मुकादम लागतो. त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा एक मुकादम, लिनक्स दुसरा. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने स्वतःच्या संगणकासाठी या मुकादमाचा गाभा लिहायला घेतला आणि २५ ऑगस्टला जगातल्या इतर हौशी लोकांना कळवलं, की मी छंद म्हणून हे करतोय, फार मोठं काही होणार नाही! पुढच्या वर्षी त्याने तो अशा परवान्याखाली दिला, की कुणीही वापरावा, उघडून बघावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. हा परवाना अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच तयार केलेला होता. त्यांच्या ग्नू प्रकल्पातली अवजारं आणि लिनसचा गाभा एकत्र आले आणि गाडं चालू लागलं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. बाबांच्या खिशातला अँड्रॉइड फोन असेल ना, त्याच्याही पोटात लिनक्सचाच गाभा आहे. पेंग्विन हे त्याचं चिन्ह. १९९६ साली लॅरी एविंग यांनी ते काढलं.

इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की लोकांचा घोटाळा होतो. पैसे नाहीत म्हणून फ्री, की मोकळं म्हणून फ्री? आपल्या मराठीत ही अडचणच नाही. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. लिनक्स मुक्त आहे. आमच्या धामापूरचा तलाव बघा. १५३० च्या सुमारास दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून तो बांधला. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान मिळाला. पण बांधाला भेग पडली तर ती गावाला दिसते आणि बुजवताही येते, हे मला त्या मानापेक्षा मोठं वाटतं. मुक्त प्रोग्रॅमचं असंच असतं. आतलं सगळं उघडं.

आणि हे शाळेसाठी काही नवीन नाही बरं का! २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या छोट्याशा प्राथमिक शाळेत पोरांच्या हाती हिरवे-पांढरे चिमुकले लॅपटॉप आले होते. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेतला तो भारतातला प्रयोग. त्या लॅपटॉपची रॅम होती फक्त २५६ एमबी, म्हणजे आमच्या म्हाताऱ्याच्या सोळावा हिस्सा! त्यावर चालत होतं लिनक्सच. केरळातल्या सरकारी शाळा तर कितीतरी वर्षं लिनक्सवरच संगणक शिकवतात.

तर मी लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट निवडलं, त्यातही एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. दोन जीबी रॅमवरही ते उभं राहतं. फाईल अडीच-तीन जीबीची, आणि आमच्याकडे रेंज म्हणजे पावसाळ्यातलं ऊन. कुडाळला बहिणीकडे जाऊन उतरवून आणली. ती फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही हं. त्यासाठी वेगळा लहान प्रोग्रॅम असतो, तो ती पसरून लिहितो. मी आधी नुसतीच कॉपी केली आणि तासभर लॅपटॉपकडे बघत बसले.

मग लॅपटॉप सुरू होताना एफ बारा दाबून पेनड्राइव्ह निवडला. (काही यंत्रांत एफ नऊ किंवा एस्केप असतं.) यातली सोय अशी, की काहीही न पुसता लिनक्स चालवून बघता येतं. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जागच्या जागी. आम्ही आवाज तपासला, कॅमेरा तपासला, कळफलक तपासला. वायफाय मात्र दिसेना. मोबाईल वायरने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, तेव्हा लिनक्सने वायफायचा ड्रायव्हर शोधून आणला. मग मी धीर केला. सगळ्या फाईली दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या, 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडला, आणि वीसेक मिनिटांत काम झालं. लॅपटॉप चालू झाला तो माझं 'एकनाथ, एक साथ नमस्ते' पुरं व्हायच्या आत! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आमचं हस्तलिखित उघडल्यावर.

नाव हस्तलिखित, पण तीन वर्षं ते आम्ही लॅपटॉपवर टाइप करत होतो. मुलं घरी जाऊन आजी-आजोबांकडून मालवणी शब्द, म्हणी, गाऱ्हाणी, गोष्टी विचारून आणतात, आम्ही त्या लिहितो. ती फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच टक्क्याची खूण, कंस, स्वल्पविराम. "बाई, आमचा लिवलेला खय गेला?" मला घाम फुटला. पेनड्राइव्हवरच्या दोन्ही प्रतींत तेच.

चूक माझी होती. लिनक्सची नाही, कुणाचीच नाही. आम्ही एका जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करत होतो. असले फाँट आतून इंग्रजीच असतात. फाईलमध्ये साठतं इंग्रजी अक्षर, फाँट फक्त त्याला मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा होता विंडोजच्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर मी पुसून टाकलेलं! पेनड्राइव्हवरून चालवून बघत होते तेव्हाच ही फाईल उघडून पाहिली असती तर? पण ते सुचलं नाही. फाँटची सीडी तर कधीच हरवलेली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे कागदी प्रिंट कपाटात होते. पहिल्या वर्षाचा नव्हता. आणि पहिल्याच वर्षात पाचवीत गेलेल्या एका मुलीने आणलेली तिच्या आजीची लांबलचक गोष्ट होती. ती आजी आता नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही.

वाट पोरांनीच काढली. एकाने दुसऱ्या वर्षाचा प्रिंट घेतला आणि पडद्यावरच्या त्याच पानाशेजारी धरला. "बाई, ह्या बगा. 'आजी' असा तिकडे दरवेळी ह्येच तीन खुणो!" म्हणजे चिखल नव्हता तो, ती गुप्त लिपी होती! आणि तिची किल्ली आमच्या कपाटात होती. मग फळ्यावर तक्ता सुरू झाला. डावीकडे खूण, उजवीकडे अक्षर. एक खूण सगळ्यात जास्त वेळा येई, तो निघाला काना. पण तीच खूण ख, भ, ध, श यांच्या शेवटीही येत होती. दोन दिवस कुणाला कळेना. मग लक्षात आलं, त्या अक्षरांची शेवटची उभी रेघ आणि काना या फाँटवाल्याने एकाच कळीवर बसवले होते. ऱ्हस्व वेलांटीचीही मजा झाली. ती आपण दिसते तशी आधी काढतो, म्हणून त्या फाईलमध्ये ती अक्षराच्या आधी साठलेली. उलगडून लिहिल्यावर 'पहिला'चा 'पिहला' व्हायचा. मग नियम ठरला, वेलांटी दिसली की तिला एक घर पुढे ढकलायचं.

तीन आठवडे मधल्या सुट्टीत हेच चाललं. पुढे कुडाळच्या एका डीटीपीवाल्यांकडे तो फाँट मिळाला, तेव्हा आम्ही आमचं उत्तर ताडून पाहिलं. अकरा चुका, त्यातल्या सात माझ्या.

आता सगळं नव्याने युनिकोडमध्ये लिहितोय. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. यात मुखवटा नाही. प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. 'म'चा २३५०, 'ळ'चा २३५५. विंडोज असो, लिनक्स असो, मोबाईल असो, 'म' तो 'म'च. लिनक्स मिंटमध्ये कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडलं की झालं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आम्ही इनस्क्रिप्ट शिकतो. भारत सरकारने भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळींची ही मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, असा साधारण बेत. 'क' के वर, 'त' एल वर, 'र' जे वर, 'ल' एन वर, 'प' एच वर, 'म' सी वर. काना ई वर, दीर्घ वेलांटी आर वर, दीर्घ उकार टी वर. शिफ्ट दाबून ओ म्हणजे 'ध'. चला, धामापूर लिहा पाहू : शिफ्ट-ओ, ई, सी, ई, एच, टी, जे. आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला तो नाजूक 'ऱ' शिफ्ट-जे वर बसलाय, त्याला डी दाबून पाय मोडायचा.

आईबाबांसाठी दोन शब्द. सगळं गोड नाही. विंडोजसाठीच बनवलेले हिशेबाचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत. वर्डची फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण तक्ता कधीकधी सरकतो. माझा निकालपत्रकाचा तक्ता सरकलाच, दोन संध्याकाळी तो सरळ करण्यात गेल्या. कामधंद्याच्या लॅपटॉपवर हा प्रयोग आधी करू नका. घरात पडून असलेल्यावर करा. मुलांनो, तुम्ही विचारल्याशिवाय करायचा नाही, आणि 'डिस्क पुसा' हे बटण मोठ्या माणसानेच दाबायचं. पुसण्याआधी फोटो, कागदपत्रं, आणि हो, जुने मराठी फाँटसुद्धा उतरवून घ्या. मग प्रत्येक महत्त्वाची फाईल पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये एकदा उघडून बघा.

त्या आजीची गोष्ट पुरी लिहून झाली. मुलीने स्वतःच टाइप केलीन, एका बोटाने, चार दिवसांत. शेवटी एका शब्दापाशी ती अडली. आमच्या तक्त्यात ती खूण एकदाच आली होती, ताडायला दुसरी जागा नव्हती, आणि डीटीपीवाल्यांच्या फाँटमध्येही तिथे चौकोनच दिसला. तिने तो शब्द रिकामा ठेवलाय. आईला विचारून येते म्हणाली.

जाता जाता तुमच्यासाठी कोडं. आमच्या एका पोराने काल हा शब्द टाइप केला : एल, ई, जे, एन, आर. वर सांगितलेल्या कळी बघून ओळखा. किनाऱ्यावरच्या मुलांना लगेच जमेल, कारण आठवड्यातून एकदा तरी ती त्यांच्या ताटात असते!