कमवा, पण शिकू नका

सरकारची युवा प्रशिक्षण योजना निघाली त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे टी.सी.चा अर्ज घेऊन आला. बी.ए., विषय भूगोल, हजेरी चोख. मी विचारलं, "काय रे, कुठे चाललास?" तो खालमानेनं म्हणाला, "सर, सरकारी ऑफिसात ट्रेनिंग लागतंय. महिना सहा हजार. पण कॉलेज चालू असलं तर घेत नाहीत."

मला खरं वाटेना. त्याला बसवून शासन निर्णय काढून वाचला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जुलै २०२४. बारावी झालेल्याला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला आठ, पदवीधराला दहा. आणि खाली अट : शिक्षण चालू असलेले उमेदवार अपात्र. पोरगं खरं बोलत होतं. त्याची आई दुसऱ्याच्या आल्याच्या वावरात खुरपायला जाते, वडील नाहीत. अर्जावर माझी सही लागत होती, ती मी केली. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी मीच, हे आधीच सांगून टाकतो.

आता दुसरं खातं उघडून बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरून ये-जा करणाऱ्या साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला तिच्यात फीशिवाय हातखर्चाला मिळतात वर्षाचे तीन हजार. महिन्याचे अडीचशे. एवढ्यात एसटीचा पाससुद्धा वर्षभर निघत नाही. म्हणजे शिकत राहिलास तर महिना अडीचशे, शिक्षण सोडलंस तर महिना सहा हजार. असा भाव लावलेल्या बाजारात पोराने काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे? वर आपणच व्यासपीठावर उभं राहून म्हणणार की हल्लीच्या मुलांना शिक्षणाची गोडी राहिली नाही.

अपात्रतेच्या या अटीमागे एक शब्द दबा धरून बसलेला असतो : दुबार लाभ. सरकारी कचेरीत हा शब्द चोरीच्या आरोपासारखा वापरतात. शिष्यवृत्तीही हवी आणि विद्यावेतनही हवं? दोन्हीकडून खातोस? माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलाची फी बाप भरतो, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं बाप देतो, गाडीचं पेट्रोल बाप टाकतो, आणि काकाच्या शब्दावर सुट्टीत इंटर्नशिपही लागते. ती बिनपगारी आहे म्हणून घरात कौतुक, "अनुभव मिळतोय ना!" त्या मुलाला चौबार लाभ होतो आहे. त्याच्या बापाला प्रतिज्ञापत्र कुणी मागत नाही. पोट भरणं आणि शिकणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालली तर फसवणूक होते, हा नियम फक्त गरिबाच्या पोराला लागू आहे.

गरिबाच्या पोटाची सोय शिक्षणाबाहेर ठेवण्याची ही वृत्ती नवी नाही. गरीब विद्यार्थ्याने या देशात माधुकरी मागून, वार लावून जेवून शिक्षण घेतलं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्याचं आपण आत्मचरित्रांतून फार कौतुक केलं. पण ही सोय तरी कुणाला होती? बहुजनाच्या पोराला कोण वार देणार, आणि अस्पृश्य ठरवलेल्याला तर अंगणातही कोण उभं करणार? भाऊराव पाटलांनी त्यावर जे उत्तर काढलं ते भिकेचं नव्हतं. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला हा माणूस. कष्टाची किंमत त्याला पुस्तकातून कळली नव्हती. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पोरं शेतात राबली, दगड फोडले, भिंती चढवल्या आणि त्याच भिंतींच्या आत शिकली. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात याच वाटेने पदव्या मिळाल्या. तिथे काम होतं म्हणून शिक्षण थांबत नव्हतं. काम होतं म्हणूनच ते चालू होतं.

भाऊरावांच्या त्या 'कमवा आणि शिका'चं आज आपण काय केलं आहे ते कुठल्याही कॉलेजात सकाळी सातला जाऊन बघा. मी रोज बघतो. एक मुलगी झाडांना पाणी घालते, दोघं ग्रंथालयातली धूळ झटकतात, एकजण कार्यालयात जावक नोंदवहीवर रेघा मारतो. काम हलकं आहे असं मला म्हणायचं नाही. झाडू धरणारा हात पेन धरणाऱ्या हातापेक्षा खालचा, हे जातीनं शिकवलेलं पाप आहे, मी ते म्हणणार नाही. पण तीन वर्षं झाडांना पाणी घालून भूगोलाच्या विद्यार्थ्याला मोजणीचं यंत्र हाताळता येत नाही, वाणिज्यच्या पोरीला जीएसटीचं विवरणपत्र भरता येत नाही. काम दिलं, शिकवलं मात्र काहीच नाही. तिकडे सरकारी योजनेत प्रशिक्षण दिलं आणि शिक्षण काढून घेतलं. दोन्ही टोकांना गरीब पोरगंच.

आणि कारखान्यात काय चालतं? तिथली भाषाच मोठी मजेशीर आहे. अप्रेंटिसला आपला कायदा शिकाऊ उमेदवार म्हणतो. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे पगार सुरू होईल या आशेवर फुकट राबणारा कारकून. १९६१च्या कायद्याने त्याला पैसे दिले, आशा मात्र तीच ठेवली. शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे, असं कायदाच सांगतो; शिकून झाल्यावर घ्यायचं की नाही हे मालकाच्या धोरणावर. तीस किंवा जास्त माणसं असतील तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. हेतू चांगला. पण चाकणच्या एका कारखान्यात मी गेलो तेव्हा असेंब्ली लाइनवर निम्म्या पोरांच्या गळ्यातली ओळखपत्राची नाडी वेगळ्या रंगाची दिसली. हे कोण, विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, "ट्रेनी आहेत." काय शिकतात? तो जरा गोंधळला. "बोल्ट टाइट करतात." किती महिने? "अकरा." अकरा महिने एकच बोल्ट!

यातलं काहीही अटळ नाही. पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी बसवायची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० सालीच दिली आहे. कामाचे तास पदवीच्या श्रेयांकात धरता येतात, विद्यावेतन मिळतं, नाव पटावरून कमी होत नाही. मग अडतं कुठे? संस्थाचालकाला कारखान्याचे उंबरठे झिजवायचे नसतात. मालकाला परीक्षेच्या काळात पोरगं सोडायचं नसतं. प्राध्यापकाला (मी त्यांच्यातलाच) वर्कशॉपमध्ये जाऊन मूल्यमापन करणं कमीपणाचं वाटतं. आणि मध्यमवर्गीय पालकाला हाताला ग्रीस लागणारं शिक्षण शेजाऱ्याच्या मुलासाठी फार पसंत असतं.

फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि वरच्यांवर खर्च होतो. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचंही शिक्षण द्या, असंही त्यांनी मागितलं होतं. पैसा, काम आणि विद्या या तिन्हींची मागणी त्यांनी एकाच निवेदनात केली. आपण त्यांचे पुतळे उभे केले आणि ही तिन्ही तीन वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकली. एका खात्याला दुसऱ्याची फाईल दिसू नये अशी चोख व्यवस्थाही केली.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं होतं, पुढे मुदत वाढून अकरा झालं, मग संपलं. त्या काळात तो झेरॉक्स काढायला आणि टपालाला पोहोच द्यायला शिकला. आता कायम करा म्हणून निघालेल्या मोर्चांत तो असतो. कॉलेजात परत आलेला नाही.

शासनाकडे मागणी एकच : अपात्रतेचं ते एक वाक्य निर्णयातून खोडा आणि चालू विद्यार्थ्याला विद्यावेतनही द्या, शिष्यवृत्तीही द्या. आणि वाचकहो, तुमच्या दुकानात, कारखान्यात, कचेरीत एखादा शिकाऊ मुलगा असेलच. उद्या सकाळी त्याला जवळ बोलावून एवढंच विचारा : बाळ, तू कितवीत होतास?