नाण्याचे गाव

दक्षिणेत नेमणुकीवर असलेल्या एका स्नेह्यांच्या घरी आम्ही चौघेजण जमलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून मखमली पेटी काढली. आत अकरा रोमन नाणी होती. आम्ही ती हाताळली, वाखाणली आणि एकाने सहज विचारले, "ही सापडली कुठे?" यजमान म्हणाले, "सोनाराकडून मिळाली." आम्ही "वा!" म्हणून पेटी परत केली. त्या "वा!"ची आम्हांला लाज वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्नेह्यांनी नाणी ओळखली होती, हे मान्य. भारतात सापडणारी रोमन चांदीची नाणी मुख्यतः दोन छापांची. ऑगस्टसच्या नाण्यामागे गायस आणि ल्यूशियस हे त्याचे दत्तक पुत्र ढाली-भाल्यांसह उभे असतात. तिबेरियसच्या नाण्यामागे आसनस्थ स्त्री असते. दोन्ही लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियोंच्या, टांकसाळीची. कडेची लॅटिन अक्षरे लावून "दिव्य ऑगस्टसचा पुत्र" एवढे वाचता आले की आमचा संग्राहक कृतार्थ होतो. परंतु हे वाचन युरोपातील सूचींत केव्हाच होऊन गेले आहे. तिबेरियसला आमच्या साक्षीची गरज नाही. ते नाणे कोणत्या शेतात, कोणत्या मडक्यात, कोणत्या सोबत्यांसह निघाले, एवढेच फक्त इथला माणूस सांगू शकतो. आणि नेमके तेच आम्ही विचारीत नाही.

पुदुकोट्टई संस्थानातला १८९८ चा ठेवा घ्या. ५०१ रोमन सुवर्णनाणी. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरून छिन्नीचा घाव. ती नाणी म्हणून चालू नयेत, केवळ सोने म्हणून उरावीत, यासाठी हे घाव घातले असावेत, असे अभ्यासक मानतात. हाच ठेवा सुटासुटा सोनारांच्या हाती गेला असता तर? प्रत्येक नाणे "खराब झालेले" ठरले असते, किंमत पाडून विकले गेले असते, आणि ही रीत होती हे कोणाच्या ध्यानीही आले नसते.

प्रांतिक नाण्यांची कथा आणखी बोलकी आहे. भारताकडे येणारी जहाजे इजिप्तच्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांतून सुटत. तरी अलेक्झांड्रियाची, ग्रीक अक्षरांची आणि राज्यवर्ष कोरलेली नाणी इथे फारशी आढळत नाहीत, कारण ते चलन इजिप्तपुरते राखलेले होते. असे एखादे नाणे बाजारात समोर आले, तर ते दोन हजार वर्षांपूर्वी आले की गेल्या वर्षी एखाद्या व्यापाऱ्याच्या पाकिटातून, याचा निवाडा सापडण्याच्या जागेवाचून कशाने करावा?

यावर आमचे मित्र ठेवणीतले उत्तर देतात: "आम्ही घेतली नसती तर मुशीत गेली असती." यात अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याइतके सोयीचे काही नसते. आज आम्ही घेतो म्हणून सोनार उद्याचा ठेवाही फोडून विकतो, आणि तो कचेरीपर्यंत पोहोचू नये याचीही काळजी घेतो. संग्रहालयात नाणी पोत्यांत पडून राहतात, ही तक्रारही अगदीच खोटी नाही. पण त्या पोत्यावर निदान गावाचे नाव असते. आणि आम्ही कोण? १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास सापडलेल्या वस्तू, जागा आणि दिवस कलेक्टराला लेखी कळवावा. जागा आणि दिवस! जे पुराणवस्तुशास्त्रज्ञ मागतो, ते कायद्याने १८७८ सालीच मागितले होते, आणि ते टिपून घेण्याच्या खुर्चीवर अनेकदा आमच्यापैकीच कोणी बसलेला असतो. मद्रास मुलकी सेवेतल्या रॉबर्ट स्यूएलने १९०४ साली भारतातील रोमन नाण्यांची यादी प्रसिद्ध केली ती ठिकाणवार. परका अधिकारी, पण गावाचे नाव विसरला नाही.

आमच्या मुलखात तेर, नेवासे येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. बहुधा दागिन्यांत वापरीत. पेढीवर त्यांना कोणी कवडी दिली नसती.

त्या स्नेह्यांना आम्ही पत्र घातले आहे: सोनाराला पुन्हा गाठा, विकणारा कोणत्या गावचा ते विचारा, अकराच होती की अधिक, तेही विचारा, आणि जे कळेल ते तारीख घालून कलेक्टरकचेरीत व संग्रहालयात लेखी द्या. पत्राला तीन आठवडे झाले. पेटीचा उल्लेख नसलेले एक उत्तर आले आहे.