सडलेलं मूळ कापणं ही हिंसा का?



पावसाळा लागला की स्नेक प्लांटची तक्रार हमखास ऐकू येते. पानं बुडाशी पिवळी पडून मऊ होतात, कुंडीला कुबट वास येतो. मूळ सडलंय हे कळतं, पण कात्री घ्यायला मन धजत नाही. 'एकेंद्रिय जीव आहे, कंद कापायचा कसा? आयुकर्म असेल तेवढं जगेल,' म्हणत कुंडी कोपऱ्यात सरकवली जाते. मला हे पटत नाही.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. पाणी जाड पानांत आणि मातीखालच्या कंदात साठवून ठेवणारं. त्याला रोज पाणी घातलं की मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात, बुरशी लागते. ओल्या मातीत चिलटं होतात, खालच्या बशीत डास. म्हणजे एका एकेंद्रियाला हात लावायचा नाही म्हणून आपण त्रस जीवांची उत्पत्ती वाढवतो आणि मग फवारा मारून त्यांनाच मारतो! विनाकारण पाणी सांडणं हीसुद्धा प्रमादचर्या, अनर्थदंडाचाच एक प्रकार. माझ्या मते दोष कात्रीपेक्षा रोजच्या त्या तांब्याचा जास्त आहे.

तेव्हा यत्नाचाराने पण वेळेवर हात घाला. झाड अलगद बाहेर काढा, माती कागदावर झटका. त्यात किडे दिसले तर सावलीतल्या ओल्या जमिनीवर सोडा. काळी, लिबलिबीत मुळं तेवढीच कापा, टणक राहू द्या. कापलेला भाग सावलीत 2-3 दिवस वाळवा. तळाला भोक असलेल्या कुंडीत निम्मी माती, निम्मी जाड वाळू घालून लावा. आठवडाभर पाणी नको. पुढेही माती तळापर्यंत कोरडी झाली तरच पाणी द्या, आणि बशीत साचलेलं लगेच काढा. सगळीच मुळं गेली असतील तर चांगल्या पानाचा 3-4 इंचाचा तुकडा, खालची बाजू खालीच ठेवून, लावा. मुळं फुटायला महिना-दोन महिने लागतात. पिवळ्या काठाच्या झाडाला मात्र असे कोंब हिरवेच येतात.

'मग कुंडीच नको' असंही कुणी म्हणेल. तो त्याग ज्यांना जमतो त्यांची मी अनुमोदनाच करते. पण आपण गृहस्थ. एकदा घरात आणलेला जीव आपल्याच भरवशावर असतो, त्याला सडत ठेवून अहिंसा पाळली जात नाही.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी न चिरणाऱ्या ताईंनी कात्री दुसऱ्या दिवशी घ्यावी. पाणी मात्र आजच थांबवावं.