एक किल्ली, अनेक दारे

गेल्या सुट्टीत मी सिंगापूरला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा हार्बरफ्रंट भागातील एका कार्यालयात काम करतो. येथूनच बाटाम बेटाकडे बोटी सुटतात. बोटीची वाट पाहता पाहता त्याने प्राप्तिकराचा हिशेब पाहिला, भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक तपासली आणि कंपनीचा एक सरकारी अर्जही भरला. कार्यालये तीन, किल्ली मात्र एकच. तिचे नाव सिंगपास.

हे कसे घडते? शाळेचे उदाहरण घेऊ. उशिरा आलेल्या मुलाची वर्गशिक्षक उलटतपासणी करीत नाहीत. ते मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची चिठ्ठी पाहतात. तसेच करकचेरी तुमचा पासवर्ड विचारत नाही. ती तुम्हांला सिंगपासकडे पाठवते. तेथे ओळख पटली की थोडा वेळच चालणारी, शिक्का मारलेली चिठ्ठी कचेरीस मिळते. पासवर्ड कचेरीला कधीच दिसत नाही.

मात्र त्यासाठी दोन्ही पक्षांत आधी करार हवा. शिक्का खरा कसा ओळखायचा आणि चिठ्ठी नेमक्या कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे आधीच नोंदवावे लागते. पत्त्याबाबत ढिलाई झाली, तर चिठ्ठी भलत्याच्याच हाती पडते. यंत्र कितीही हुशार असो, खरे काम या जुळणीत आहे.

सिंगपास २००३ मध्ये सुरू झाला. तेव्हा ओळखक्रमांक व पासवर्ड एवढ्यावर भागे. २०१४ मध्ये १,५६० खात्यांत परवानगीवाचून प्रवेश झाला असावा, असे उघड झाले. २०१५ पासून दाराला दुसरी कडी बसली. पासवर्डाखेरीज एकदाच चालणारा आकडाही द्यावा लागू लागला. २०१८ मध्ये ही किल्ली फोनमध्ये आली आणि २०२१ पासून कंपन्यांची सरकारी कामेही तिच्याच साहाय्याने होऊ लागली. काही लोक पैशांसाठी आपली किल्ली परक्यांना विकू लागले, तेव्हा २०२३ मध्ये कायदाही कडक करावा लागला. सोय वाढली तसा धोकाही वाढला. कारण एक किल्ली चोरीला गेली की सारी दारे उघडतात.

हे आपण मॉरिशसवासीयांनी लक्षात घ्यावे. आपल्याकडेही 'मॉपास' आले आहे. २०१३ च्या नव्या ओळखपत्रावरून झालेला वाद वाचकांना आठवत असेलच. बोटांचे ठसे एका ठिकाणी साठवून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मनाई केली. कार्डावरील ठशांच्या सुरक्षिततेची पुरेशी हमी नाही, असा निर्णय संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार समितीने २०२१ मध्ये दिला. तो वाद यंत्राविषयी नव्हता, विश्वासाविषयी होता.

म्हणून एका किल्लीला विरोध न करता तीन प्रश्न विचारावेत. चिठ्ठीत माझी किती माहिती जाते? द्वारपालाचेच यंत्र बंद पडले, तर पर्याय कोणता? आणि ज्या आजीजवळ फोन नाही, तिच्यासाठी खिडकीपाशी माणूस बसणार आहे की नाही? माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. आजीला निवृत्तिवेतनाच्या दारातून परत फिरावे लागले, तर त्या किल्लीला प्रगती कोण म्हणेल?